चौदा हजारी रीळ

"…आठ हजारी घेऊ की चौदा हजारी, एवढंच सांगा मास्तर."

परकार मास्तर दारातल्या बाकावर बसले होते. उर्दू शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. खाडीच्या तोंडावरच्या खडकांवरून काठी-रिळानं मोठे मासे कसे गरवायचे, हे आसपासच्या कितीतरी पोरांना त्यांनीच शिकवलं. हेरंब त्यांतला सगळ्यात तरबेज. त्याला स्वतःलाही तसंच वाटायचं.

तो वर्षभरानं आला होता.

"मासा कोणता?"

"जिताडा. गेल्या वेळी लागला होता, तेवढा धरा."



"जिताड्याला सहा हजारी मापाचं रीळ पुरतं," मास्तर म्हणाले. "तुझं तेच होतं."

"ते लहान पडलं. निम्मी दोरी त्यानं पहिल्याच ओढीत नेली. रिळाचा ब्रेक आवळला तरी थांबेना. मोठ्या रिळात दोरी जास्त मावते, ब्रेक दमदार असतो. मासा लवकर काठाला आला असता. मग मी मोकळा झालो असतो, आणि दादा…"



दादा म्हणजे सुधन्वा, हेरंबचा थोरला भाऊ. त्याला मासे धरण्याची हौस नव्हती. धाकट्याला सोबत म्हणून यायचा, खडकावर बसून शेंगा खायचा. गेल्या वर्षी तिथंच शेवाळावरून घसरला. होडीवाल्यांनी त्याला पाण्यातून काढलं, तेव्हा अंगावर चादर मास्तरांनीच घातली होती.

"रीळ आणलंयस?"

"चौदा हजारी आणलंय. एका मित्राचं. काठीला लावून बघितलंय."

"चल."

दोघं खाडीच्या तोंडाशी आले तेव्हा ओहोटी लागली होती. हेरंब वरच्या खडकावर उभा राहिला.

"मासा लागल्यासारखी धर."

त्यानं दोन्ही हातांनी काठी धरली. मास्तरांनी चपला काढल्या, लुंगी वर खोचली आणि ते खालच्या हिरव्या खडकावर उतरले. पाणी त्यांच्या गुडघ्याला लागलं.

"मास्तर, तिथं नका जाऊ."

मास्तरांनी हात वर केला.

"वर घे मला."

हेरंब वाकला. हातात काठी होती. तशीच ठेवली तर रिळाला ओरखडा पडेल, म्हणून त्यानं इकडेतिकडे बघितलं. बाजूला एक खाच होती. तिच्यात काठी उभी केली. ती कलली. पुन्हा सरळ केली…

वळला तेव्हा मास्तरांचा हात तसाच वर होता.

हेरंबनं तो धरला. मास्तरांना वर ओढून घेतलं. ते वर आले तरी त्यानं हात सोडला नाही.

"दादानं हाक मारली होती," तो म्हणाला. "मी ऐकली. म्हटलं, थांब जरा…"

खाली पाणी खडकांत शिरत होतं, परत जात होतं.

"तुम्हीच शिकवलं होतंत ना मास्तर? एकदा मासा लागला, की काय वाटेल ते होवो, काठी सोडायची नाही."

"हो…" मास्तर म्हणाले. "मीच शिकवलं."

ते त्याच्या शेजारी बसले. ओल्या पायांना शेवाळ चिकटलं होतं, ते झटकायचंही त्यांना सुचलं नाही. हेरंब गुडघ्यात डोकं घालून आवाज न करता रडत होता. मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच राहिले.

ऊन उतरलं. बऱ्याच वेळानं हेरंबनं डोळे पुसले.

"यापुढं गरवायला येऊच नको म्हणता?"

"तसं कुठं म्हटलं मी?"

"मग कोणतं रीळ घेऊ?"

मास्तरांनी खाचेतल्या काठीकडं बघितलं.

"हातातून टाकवेल, ते घे."