व्याख्यान चालू असताना उठू नये

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावाला व्याख्यानं ऐकण्याचा भारी नाद होता. दर चैत्रात भैरोबाच्या देवळापुढच्या मंडपात सात दिवस व्याख्यानमाला चाले. गावात धड दवाखाना नव्हता, पण व्याख्यानमाला बत्तीस वर्षं एकदाही खंडली नव्हती. तिचा एक नियम होता आणि तो दारावरच्या पाटीवर रंगवलेला होता: ‘व्याख्यान चालू असताना उठू नये.’ भाषणातून उठून जाणं म्हणजे वक्त्याचा अपमान, असं गाव मानी. पोर रडलं तर आई त्याला पदराखाली घेई, पण जागा सोडत नसे. बत्तीस वर्षांत कुणी उठलं नाही, हे गाव पाहुण्यांना छाती फुगवून सांगे. अभिमान कशाचा धरावा, हे माणसांना कोण सांगणार!

त्या वर्षी शेवटच्या दिवशीचे वक्ते होते डॉक्टर हळबे. त्यांचा दवाखाना तालुक्याला होता, पण दर गुरुवारी ते या गावात येत आणि देवळाच्या ओवरीत बसून रोगी तपासत. माणूस खरोखरच भला होता. या गावासाठी आणि भोवतालच्या बारा वाड्यांसाठी एक आरोग्यकेंद्र व्हावं, एवढी एकच इच्छा त्यांनी दहा वर्षं मनात धरली होती. आज ती पुरी होण्याची वेळ आली होती. शहरातल्या एका संस्थेचे तीन विश्वस्त भाषण ऐकायला आले होते. त्यांनी सांगून ठेवलं होतं, “सात वाजता आम्ही निघू. तोवर जे ऐकू, त्यावरून इथंच हो की नाही ते सांगून जाऊ.”

सहा वाजता डॉक्टर मंडपात आले. चंद्राक्का गुरव हार घेऊन दारात उभी होती. मंडप झाडणं, सतरंज्या अंथरणं आणि वक्त्याचा हार ओवणं हे पहिल्या वर्षापासून तिचं काम. साठी उलटली होती, पण तिनं ते सोडलं नव्हतं.

“अक्का, चेहरा का उतरलाय?” डॉक्टरांनी विचारलं.

“उन्हाचं वो. आज तुमचं भाषण हाय, मला काय हुतंय!”

डॉक्टर हसले आणि व्यासपीठावर चढले. चंद्राक्का तिसऱ्या रांगेत बसली.

भाषण सुरेख रंगलं. डॉक्टर म्हणाले, “उद्या असा काळ येईल की मनगटावरचं घड्याळ तुमच्या हृदयाचे ठोके मोजेल. मोठा डॉक्टर शहरात बसून वाडीवरच्या माणसाला तपासेल. आजार दाराशी येण्याआधी त्याची चाहूल लागेल.” लोक माना डोलावत होते. विश्वस्तांपैकी एकानं वही काढली. मंडपाच्या खांबावरच्या घड्याळात पावणेसात झाले होते.

“पण तो काळ येईपर्यंत एक करा,” डॉक्टर म्हणाले. “दुखणं अंगावर काढू नका.”

असं म्हणताना त्यांची नजर तिसऱ्या रांगेत गेली. चंद्राक्काच्या कपाळावर घामाचे थेंब होते. पंखा तर तिच्या डोक्यावरच फिरत होता. तिनं एक हात जबड्याखाली धरला होता.

डॉक्टर क्षणभर थांबले. लोकांना वाटलं, टाळीची जागा आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

उकाडा असेल, डॉक्टरांनी मनाशी म्हटलं. ते पुढं बोलू लागले. पंधरा मिनिटं राहिली होती आणि आरोग्यकेंद्राचा मुद्दा अजून यायचा होता. तो मुद्दा सुटला तर बारा वाड्या पुन्हा दहा वर्षं वाट पाहणार होत्या. आता तिन्ही विश्वस्तांच्या हातात वह्या होत्या.

पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा तिकडे पाहिलं. चंद्राक्काचा रंग राखेसारखा झाला होता. हात जबड्यावरून छातीवर आला होता. तिच्या दोन्ही बाजूंना बायका बसल्या होत्या, मागं पुरुष होते, मंडपात चारशे माणसं होती. सगळी डॉक्टरांकडे बघत होती. चंद्राक्काकडे कुणीच बघत नव्हतं. ते बघणारा एकच माणूस होता आणि त्याच्या हातात माईक होता.

डॉक्टरांनी नजर फिरवली. एवढं पान संपवू, त्यांना वाटलं. एवढंच पान, मग उतरू. डॉक्टरांना कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं, म्हणून तर त्यांचा आवाज कापू लागला. लोकांना वाटलं, डॉक्टर भारावून गेलेत.

पान संपलं नाही. चंद्राक्कानं खांब धरायला हात पुढं केला आणि तो खांबापर्यंत पोचला नाही. तरीही ती उठली नाही.

डॉक्टरांनी माईक टाकला आणि व्यासपीठावरून उडी मारली. “बाजूला व्हा! वाट द्या! उठा सगळे!”

कुणी उठेना. बत्तीस वर्षांची सवय होती. व्याख्यानमालेचे अध्यक्ष बापूसाहेब यांनी घंटा वाजवली. “डॉक्टर, व्याख्यान चालू आहे! नियम आहे आपला!”

“व्याख्यान संपलं!” डॉक्टर ओरडले. “गाडी कुणाची आहे बाहेर? आणा ती!”

बाहेर एकच गाडी होती, पाहुण्यांची. डॉक्टरांनी बॅगेतली गोळी चंद्राक्काला चावायला लावली, चौघांनी तिला सतरंजीवर घालून उचललं आणि गाडी तालुक्याकडे सुटली. वाटेत दोनदा तिची नाडी हाताला लागेनाशी झाली. घाटात गाडी उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकली, तेव्हा डॉक्टर आयुष्यात पहिल्यांदा नवस बोलले.

चंद्राक्का वाचली. पण हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला. आता हार ओवायला हरकत नव्हती, मंडप झाडणं मात्र सुटलं. विश्वस्त त्या संध्याकाळी एस.टी.नं परत गेले आणि आरोग्यकेंद्राचा निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

चौथ्या दिवशी चंद्राक्का उशीला टेकून बसली. डॉक्टर खाटेजवळ उभे होते.

“अक्का, त्रास होत होता तर उठला का नाहीत? अंगावर काढू नका, असं मी तेव्हाच सांगत होतो ना?”

“त्येच ऐकत हुते की,” चंद्राक्का म्हणाली. “तुमच्या भाषणातनं उठायचं कसं?”

डॉक्टरांनी मान खाली घातली. मग मनातलं बोलून टाकलं. “अक्का, मी तुम्हाला आधीच पाहिलं होतं. दोनदा पाहिलं.”

“मला ठावं हाय,” चंद्राक्का शांतपणे म्हणाली. “दोनदा तुमची नजर माझ्यावर आली. पैल्यांदा मी उठणारच हुते. मग म्हनलं, डाक्टरनं बघितलंय आन् तरी बोलत्यात. म्हंजी काय नसंल.”

डॉक्टर खाली बसले. ते रडत होते आणि चंद्राक्काच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

पुढच्या चैत्रात दारावर नवी पाटी लागली. अक्षरं डॉक्टरांनी स्वतः रंगवली होती, म्हणून जरा वाकडी आली होती: ‘बरं वाटत नसेल तर लगेच उठावे. वक्ता थांबेल.’

तात्पर्य: उद्याच्या हजारोंचं भलं करायला निघालेल्यानं आज समोर बसलेल्या एकाकडे पाहून नजर फिरवू नये; जाणत्यानं दुर्लक्ष केलं की अजाण माणूस त्यालाच दिलासा समजतो.