न कुरतडलेले दहा दाणे

फार जुनी गोष्ट. एका माळावरच्या मुंग्या कोठारात ठेवण्याआधी प्रत्येक दाण्याचं टोक कुरतडत, म्हणजे त्याला कोंब फुटत नसे.

एके वर्षी माळावरचं पाणी आटलं. रिंगी नावाची तरुण मुंगी धावतच कोठारात आली. "आत्याबाई, दहा दाणे द्या. दहा ठिकाणी पेरते. उगवेल तिथे खाली पाणी असणार!"

कोठार सांभाळणाऱ्या आत्याबाई म्हणाल्या, "कुठे उगवेल ते आधी सांग."

"ते ठाऊक असतं तर पेरलं कशाला असतं?"

आत्याबाईंना हसू आलं. त्यांनी नुकत्याच आलेल्या धान्यातले दाणे दिले, पण सवयीने टोकं कुरतडूनच.

आठवड्याने रिंगी परतली. एकही दाणा उगवला नव्हता. "मला वाटलंच होतं," आत्याबाई म्हणाल्या.

रिंगीने एक दाणा पुढे ठेवला. त्यावरच्या आपल्याच दातांच्या खुणा आत्याबाईंनी ओळखल्या. नव्या धान्यातले दहा अख्खे दाणे त्यांनी स्वतः वाहून नेले.

या वेळी काळ्या खडकापाशी एक हिरवा कोंब वर आला. सगळं वारूळ तिकडे धावलं.

"नऊ दाणे मात्र फुकट गेले," कोणीतरी कुरकुरलं.

"नऊ ठिकाणी खणायचं वाचलं," आत्याबाई म्हणाल्या, आणि सगळ्यांच्या आधी माती उकरू लागल्या.