नावाड्याने दिलेला घास

एकदा एका नदीकाठच्या गावी, वृद्ध वैद्यांकडे लाकडाचा एक व्यापारी उपचारासाठी आला. तीन महिन्यांत त्याचे वजन अकरा किलोंनी घटले होते. शहरातल्या साऱ्या तपासण्यांत दोष सापडला नव्हता, तरी अन्न समोर आले की त्याला ते नकोसे होई. वैद्यांनी त्याला ठेवून घेतले आणि आपली शिष्या इरावती हिच्यावर त्याची जबाबदारी सोपवली.

इरावती अभ्यासू होती. तिने पथ्य आखले, भूक वाढवणारी चूर्णे दिली. व्यापारी मात्र ताट हातात घेऊन व्हरांड्यात येरझाऱ्या घाली, दोन घास गिळी आणि ताट ठेवून देई. पंधरा दिवसांत वजन आणखी दोन किलोंनी उतरले. इरावतीला चैन पडेना. ग्रंथात सांगितलेले सारे करून झाले होते आणि माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता.

तिने गुरुजींना गाठले. त्यांनी चूर्णे बंद करायला सांगितली आणि व्यापाऱ्याला एक काम दिले. शेजारच्या खोलीत एक म्हातारा नावाडी होता. अर्धांगाने त्याचा उजवा हात लुळा पडला होता, डावा थरथरत असे. त्याला रोज दुपारी व्यापाऱ्याने भरवायचे.

"गुरुजी, ज्याला स्वतःला जेवण जात नाही, तो दुसऱ्याला काय भरवणार?" इरावतीला राहवले नाही. गुरुजींनी व्यापाऱ्याला नावाड्याच्या खोलीत पाठवले.

नावाडी फार सावकाश चावे. व्यापारी चुळबुळत पुढचा घास आधीच उचलून धरी. तिसऱ्या दिवशी नावाड्याने तोंडच मिटून घेतले.

"शेट, घाईनं गिळलं की ठसका लागतो मला. बसा जरा."

व्यापारी बसला. बोलणे निघाले. पत्नी गेल्यापासून आपण एकटेच, उभ्या उभ्या जेवतो, असे त्याने सांगितले. दाराशी उभ्या इरावतीने हे प्रथमच ऐकले. तिने त्याला कधी विचारलेच नव्हते.

सहाव्या दिवशी नावाड्याने थरथरत्या हाताने भाकरीचा तुकडा वांग्याच्या भाजीत बुडवून व्यापाऱ्यापुढे धरला. व्यापाऱ्याने तो सावकाश खाल्ला. मग भाजी कोणी केली आहे, म्हणून विचारले. त्या दुपारी त्याने दीड भाकरी खाल्ली. महिनाअखेर त्याचे वजन वाढू लागले.

"तुझी चूर्णे चुकीची नव्हती," गुरुजी इरावतीला म्हणाले. "पण भुकेची आज्ञा मेंदूतून सुटते. आवडते माणूस जवळ असले, चवीची ओढ लागली, कोणी मायेने हात लावला, की मेंदूत काही रसायने पाझरतात. मन निवते, तोंडाला पाणी सुटते, पोटातले पाचक रस जागे होतात. सदैव धास्तावलेल्या देहाला मात्र जेवणाची वेळही पळण्याचीच वाटते. त्याला आधी स्वस्थ बसवावे लागते."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तूही त्याच्यासारख्याच येरझाऱ्या घालत होतीस. ऐकायला बसली होतीस कुठे?"

दुसऱ्या दिवशी पोटदुखीची तक्रार घेऊन एक बाई आली. नाडी पाहण्याआधी इरावतीने तिला विचारले, "तुम्ही कोणासोबत जेवता?"

बाई सांगू लागली. इरावती तिच्याजवळ बसून ऐकत राहिली.