सूर्य वाट चुकला ती सकाळ

एकदा काय झालं, एका गावात सकाळच झाली नाही! थांबा, घाई नको. पहिल्यापासून सांगते.

गावाच्या एका अंगाला होती नदी आणि दुसऱ्या अंगाला भैरोबाचा डोंगर. नदीकाठच्या देवळात पंतोजींची शाळा भरायची, तीही भल्या पहाटे. मुलं मांडी घालून बसायची, डोळे मिटायची आणि एका सुरात पाठ म्हणायची, “सूर्य उगवतो डोंगरामागून.” तिथली रीतच तशी, बरं का. पाठ म्हणायचा तो डोळे मिटून. डोळे उघडे, म्हणजे पाठात लक्ष नाही, असं पंतोजींचं म्हणणं.

त्या शाळेत होती कोष्ट्यांची येसू. शाळा म्हणजे तिचा जीव की प्राण. एके दिवशी तिनं हळूच एक डोळा उघडला. बघते तर काय, सूर्य नदीवरून वर येतोय, चांगला ताटाएवढा!

“पंतोजी, सूर्य तर नदीकडून आला.”

“पाठ काय सांगतो?”

“डोंगरामागून.”

“मग झालं तर!”

पण येसूला कुठलं चैन पडायला! दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. पंतोजींनी तिला कोपऱ्यात उभं केलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हा पंतोजी कडाडले, “आता एक शब्द जरी काढलास, तर तुझी शाळा बंद. घरी मागापाशी बसून सुताच्या कांड्या भर.”

मग बिचारीनं काय केलं? डोळे मिटले आणि सगळ्यांच्या सुरात सूर मिसळला. फार वाईट वाटलं हो तिला.

चौथ्या दिवशी सूर्य नदीपाशी आला. रोज कुणीतरी एखादा डोळा किलकिला करून बघायचं, आज बघतो तर झाडून सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि सगळे म्हणतायत, डोंगरामागून, डोंगरामागून. त्याला वाटलं, एवढी शिकलेली माणसं म्हणतायत, म्हणजे आपलीच वाट चुकत असणार. मग गेला की तो डोंगरामागं! पण तिकडून वर चढायची त्याला सवय कुठली? बसून राहिला आपला.

इकडे अंधारच अंधार. कोंबडे आरवून आरवून दमले. गाई पान्हा सोडीनात. गाव पंतोजींकडे धावलं. पंतोजी म्हणाले, पाठ मोठ्यानं म्हणा. म्हटला. सूर्य नाही. मग ढोल बडवत म्हटला. सूर्य नाही. मग म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळ्या गावानं डोळे मिटून म्हटला. तो कसला येतोय! हे जेवढे ओरडले, तेवढा तो तिथंच घट्ट बसला.

येसूच्या ओठांवर प्रश्न येऊन थांबला होता. विचारावं, तर शाळा जाते. न विचारावं, तर सकाळ जाते. रडूच फुटलं तिला. पण विचारलंच तिनं.

“पंतोजी, आपलंच ऐकून तर तो तिकडं बसला नसेल?”

पंतोजींनी अंधारात डोंगराकडे पाहिलं. मग जन्मात पहिल्यांदाच म्हणाले, “मला ठाऊक नाही, पोरी. कुणाला विचारावं?”

“त्यालाच!” म्हणत येसूनं हाक मारली, “सूर्यनारायणा, तू रोज कुठून येतोस?”

आता हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तो विचारात पडला. मग म्हणाला, “मी? मी तर नदीकडून येतो!” आणि लाजून लालेलाल होऊन आला की धावत नदीवर!

उजाडलं. गाव आनंदानं नाचलं. पंतोजी मात्र पायरीवर बसून राहिले. येसू भीत भीत जवळ गेली.

“मी घरी जाऊ, पंतोजी?”

“नको. इथं बस.”

“मग विचारू? हा पाठ आला कुठून?”

पंतोजींचे डोळे भरून आले. “माझ्या गुरूंकडून. ते डोंगरापलीकडच्या गावचे. तिथं सूर्य खरंच डोंगरामागून उगवतो. त्यांनी डोळे उघडून पाहिलं होतं गं. मिटले ते मी.”

त्या दिवसापासून पाठ झाला की पंतोजी मुलांना विचारायचे, “तुम्हाला काय दिसलं?” मग येसू शिकली, पंतोजीही शिकले, आणि सगळी सुखानं नांदली.

काय गं? सूर्याला ऐकू कसं येतं? मला नाही बाई ठाऊक. सकाळी दोघी मिळून शोधू. आता सगळ्यांनी पांघरूण ओढा आणि निजा.