हिंदुराव आबांचे थंड प्लग

एका गावात गुळाचे एक व्यापारी होते आणि त्यांच्याकडे एक लाल गाडी होती. व्यापाऱ्यांचं नाव हिंदुराव आबा. गाडीचं विलायती नाव कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून गाव तिला लाली म्हणायचं. दोनच दारं, बसकं अंग आणि पोटात टर्बो. टर्बो म्हणजे काय, हे लहान पोरं विचारायची. मोठ्यांनाही विचारायचं असायचं, पण ते पोरांच्या आडून ऐकायचे. तर टर्बो म्हणजे इंजिनाच्या छातीत जबरदस्तीनं हवा कोंबणारं यंत्र. लोहारानं भाता मारला की निखारा कसा फुलतो? तसंच ते.

लाली दोनशेनं पळायला जन्मली होती. आबा तिला तिसानं चालवायचे. भीती वाटायची हो त्यांना! एकदा कडब्याच्या बैलगाडीला त्यांनी बाजू दिली, तर गाडीवान जाताजाता त्यांना सलाम करून गेला. पण हॉटेलात चहा पुढं आला की आबांचा वेग वाढायचा. "आज काटा दीडशेवर नुसता थरथरत होता," म्हणायचे. आम्ही "अरे बापरे" म्हणून बिस्कीट चहात बुडवायचो. आबा खोटंसुद्धा इतकं गोड सांगायचे की मोडवत नसे. शेवटी गुळाचे व्यापारी. आणि आपली खरी चाल कुणालाच ठाऊक नाही, असं त्यांना अगदी मनापासून वाटायचं.

त्याच गावात बाबालाल मिस्त्री होता. चिंचेखाली त्याचं गॅरेज. पाटी नाही, बसायला एसटीची एक जुनी सीट. भिंतीला एक फळी, फळीला खिळे, प्रत्येक खिळ्यावर इंजिनात ठिणगी पाडणारा एकेक जुना प्लग टांगलेला आणि खाली खडूनं गाडीवाल्याचं नाव. बाबालाल प्लगचं टोक बघून माणूस सांगायचा. टोक चहाच्या रंगाचं, तर गाडी आणि माणूस दोन्ही सरळ. टोक पांढरंफटक, तर हा गडी गाडीला भाजून काढतोय. टोक काळं, तर गाडी नुसती रांगतेय. पेट्रोलच्या वासात बसावं, चिंचेचा पाला चहात पडावा, तो बोटानं काढून टाकावा आणि बाबालालनं कुणाची तरी अब्रू उन्हात धरून बघावी. काय दिवस होते!

आबांची एकुलती लेक शैला. तिचं लग्न ठरलं, तेव्हा आबांनी तिला शब्द दिला, "तुला लालीतनंच सासरी नेणार. मी स्वतः चालवणार. दिवेलागणीच्या आत तू माप ओलांडलंस म्हणून समज." सासर पस्तीस किलोमीटरवर. आणि नेमकी लग्नाच्या आठ दिवस आधी लाली खोकायला लागली. आबा तिला घेऊन चिंचेखाली आले.

बाबालालनं प्लग काढला, उन्हात धरला. टोक झिजलेलं आणि काळपट. त्यानं हळूच विचारलं, "आबा, गाडी कशी चालवता?"

सीटवर आम्ही सहाजण बसलेलो. आबा म्हणाले, "कशी म्हणजे? दीडशेच्या खाली काटा नसतोच."

"तसं नाही आबा. ऐका. टर्बोच्या गाडीला साध्या गाडीपेक्षा थंड प्लग लागतो. थंड म्हणजे आतली उष्णता झटकन बाहेर टाकणारा. पण थंडातपण पायऱ्या आहेत. कंपनीनं पुस्तकात दिलेला नंबर रोजच्या चालीचा. शर्यतीचा प्लग त्याहून फार थंड. गाडी पळवली नाही तर त्याच्यावर काजळी धरते. तवा तापला की चिकटलेलं जळून जातं, गार राहिला की थर बसतो. म्हणून परत विचारतो. किती?"

आबांनी सीटकडं बघितलं. आम्ही चेहरे गंभीर केले. त्यातला एकजण, नाव सांगत नाही, कारण गोष्ट सांगणाऱ्यालाही अब्रू असते, तो म्हणाला, "आबा, परवा दोनशे म्हणाला होता की!"

"दोनशेच!" आबा म्हणाले. "शर्यतीचेच घाल."

बाबालाल गाडीच्या दारापाशी गेला आणि तिसऱ्यांदा म्हणाला, "आबा, लेकीची पाठवणी आहे."

"म्हणून तर!"

मग बाबालाल कामाला लागला. टर्बोच्या वाऱ्यात ठिणगी विझू नये म्हणून त्यानं एकेका प्लगची फट पट्टीनं मोजून बारीक केली, आणि चारही प्लग आधी हातानं, मग पान्यानं बसवले. नंतर दुसऱ्या खोक्यातनं आणखी चार प्लग काढले, त्यांचीही फट मोजली, वर्तमानपत्रात गुंडाळून खिशात टाकले. कशाला, ते आम्ही विचारलं नाही. आम्ही हसण्यात होतो.

लग्न लागलं, जेवणं झाली, उन्हं कलायच्या आत वरात निघाली. पुढं बँड, मागं लाली. आबा फेटा बांधून चालवायला, शेजारी शालू नेसलेली शैला, आणि मागच्या एवढ्याशा सीटवर नवरदेव घडी घालून ठेवल्यासारखा. बँड चार पावलं चालायचा आणि दहा मिनिटं वाजवायचा. लाली दीड तास मुंगीच्या चालीनं सरकत होती. पेठेच्या चौकात ती एकदा खोकली, दोनदा शिंकली, मागनं काळा धूर सोडला आणि गप्प झाली. आबांनी किल्ली फिरवून फिरवून बघितली. लाली ढिम्म. एकेक वाजंत्री थांबला. क्लॅरिनेटवाल्याचे डोळे मिटलेले होते, तो तेवढा बराच वेळ एकटाच वाजवत राहिला.

व्याही मागच्या जीपमधनं उतरले. "काय व्याही, दोनशेनं पळणारी हीच का?"

वऱ्हाड हसलं. शैलानं मान खाली घातली. सूर्य मारुतीच्या देवळाच्या कळसाला टेकला होता, आणि पस्तीस किलोमीटर अजून तसेच पुढं पडले होते. आबांच्या फेट्याखालनं घामाची धार लागली. त्यांनी गर्दीत बघितलं आणि ओरडले, "बाबालाल! कसले प्लग घातलेस रे?"

सगळा चौक बाबालालकडं वळला. कोण तरी म्हणालं, "म्हातारपणी नजर गेली असंल." चाळीस वर्षं ज्यानं गावाच्या गाड्या चालत्या ठेवल्या, त्याच्याबद्दल हे! बाबालाल पुढं आला. बॉनेट उघडलं, एक प्लग काढला. काजळाच्या डबीत बुडवून काढल्यासारखा काळाकुट्ट. तो एकदा उंच धरला असता, तर चौकानं सगळं वाचलं असतं. पण त्यानं फडक्यात धरून मूठ मिटली आणि म्हणाला, "चूक माझीच आहे, आबा."

आता आबांनी नुसतं गप्प राहायचं होतं. लेकीसमोर, व्याह्यांसमोर, पेठेसमोर त्यांची दोनशेची अब्रू शाबूत होती. त्या मिटलेल्या मुठीकडं ते बघत राहिले. मग पुढं होऊन त्यांनी ती मूठ उघडली, गरम प्लग फडक्यासकट घेतला आणि उंच धरला.

"चूक ह्याची नाही," आबा म्हणाले. "ह्यानं मला तीनदा विचारलं. मी तीनदा थाप मारली. मी तिसाच्या वर कधी गेलेलो नाही. मला भ्या वाटतं."

तेवढ्यात गाडीतनं शैला म्हणाली, "आबा, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे! कॉलेजला उशीर झाला की मी लालीतनं उतरून चालत जायची."

मग जो हशा पिकला! सगळ्यात मोठ्यानं व्याही हसले. डोळे पुसत म्हणाले, "मग आवरा की लवकर, व्याही. तिसानं जायचं म्हणजे वेळ लागणार."

बाबालालनं खिशातनं वर्तमानपत्राची पुडी काढली. "पुस्तकातल्या नंबरचे आहेत. फट त्याच दिवशी मोजून ठेवली होती."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?" आबा म्हणाले. "मग हेच का नाही घातलेस?"

"तीच तर माझी चूक, आबा. प्लगचं ऐकायचं सोडून तुमचं ऐकलं."

त्यानं तापल्या इंजिनावर बोटं भाजून घेत चारही प्लग बदलले. आबांनी किल्ली फिरवली. लाली अशी गुरगुरली की क्लॅरिनेटवाल्यानं आता कुठं डोळे उघडले.

लाली तिसानं गेली. मागं जीप तिसानं, त्यामागं वऱ्हाडाचा ट्रक तिसानं, आणि आम्ही ट्रकात गाणी म्हणत. पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. शैलाच्या सासूबाई हातात निरांजन घेऊन दारात उभ्या होत्या. वात तशीच कोरी. लाली थांबली, लेक उतरली, तिनं माप ओलांडलं आणि मग त्यांनी वात लावली. त्या घरात त्या दिवशी दिवेलागण झाली ती तेव्हा. आबांचा शब्द बसल्या जागी खरा झाला.

दुसऱ्या दिवशी आबांनी तो काळा प्लग स्वतःच्या हातानं फळीवर टांगला आणि खडूनं खाली आपलं नाव लिहिलं. पुढं त्या सीटवर कुणी वेगाच्या गप्पा हाणायला लागला की आबा काही न बोलता फळीकडं बोट करायचे.

आता चिंच नाही, रस्ता रुंद झाला. आबा नाहीत, बाबालाल नाही. हल्ली गाडीला वायर जोडतात, पडद्यावर सगळं दिसतं, आणि मालकाला कुणी काही विचारत नाही. फळी कुठं गेली म्हणाल, तर ती माझ्या परसात आहे. कशी आली ते विचारू नका. खडूची नावं पुसलीत. पण आबांच्या प्लगला बोट लावलं की अजून काळं होतं.

तात्पर्य: प्लग निवडताना गाडीचा जोर एकदा बघावा, पण आपला पाय खरोखर किती दाबतो ते दोनदा बघावं; कारण जो आपली खरी चाल कबूल करतो, त्याची गाडी पोचते, मग ती तिसानं का जाईना.