पट्ट्याचं दुसरं टोक

साताऱ्यात डॉक्टर आपटीकरांनी आपल्या जनावरांच्या दवाखान्यात एआयचा कॅमेरा बसवला आणि तेव्हापासून कुत्र्याला हात लावणंच सोडलं. कुत्रं दारातून टेबलापर्यंत चालत आलं, की पडद्यावर रोग उमटायचा.

शेवंताबाई घोलप आपल्या ढब्बूला घेऊन आल्या त्या फक्त रेबीजच्या इंजेक्शनसाठी. पडद्याने सांगितलं, मागचा उजवा पाय लंगडतोय, खुब्याचं ऑपरेशन करा.

"उद्या सकाळी उपाशीपोटी आणा," डॉक्टर म्हणाले.

"अहो, आजच मांजरामागे धावत याने कंपाउंडवरून उडी मारली! एकदा हात लावून तरी बघा."

"बाई, या यंत्राने दहा लाख कुत्री चालताना पाहिलीत. तुम्ही किती पाहिलीत? ते चुकलंय असं दाखवा, मी इथेच सगळ्यांसमोर कान धरतो."

बाकावरचे लोक हसले. शेवंताबाईंनी पट्टा डॉक्टरांच्या हातात कोंबला आणि त्या बाकावर बसल्या. "मग तुम्हीच आणा त्याला दारातून."

डॉक्टर ऐटीत निघाले. ढब्बू त्यांच्या शेजारून चारही पाय सरळ टाकत आला. पडद्यावर उमटलं, चाल निर्दोष.

शेवंताबाई उठल्या आणि उजवा पाय ओढत पुढे आल्या.

"माझ्या गुडघ्यात सळई आहे. पिल्लू होता तेव्हापासून हा माझ्या पावलाला पाऊल लावून चालतो. तुमच्या यंत्राने दहा लाख कुत्री पाहिली, पण पट्ट्याचं दुसरं टोक कोणाच्या हातात आहे, ते एकदाही पाहिलं नाही. आणा तो पट्टा इकडे. कान धरायला दोन्ही हात मोकळे लागतील."