मोर आणि अंगण

पैठणी विणणाऱ्यांची एक सोसायटी होती. तिचे चेअरमन दौलतराव आणि त्यांचा जुना संगणक, दोघंही कुणाचं ऐकत नसत.

एका विणकराच्या लेकीनं, यामिनीनं, सोसायटीची वेबसाइट केली आणि वर बापानं विणलेल्या पदरावरचा मोर नाचता ठेवला. तो फोटो नव्हता बरं का. रेषा कुठून कुठं ओढायची ते तिनं लिहून दिलं होतं. ते वाचून ब्राउझरनं मोर काढायचा. सगळ्यांच्या मोबाइलवर मोर नाचला. दौलतरावांच्या संगणकावर मात्र कोरा चौकोन!

"साहेब, तुमचा ब्राउझर जुना आहे. नवा टाकू?"

"माझ्या संगणकाला हात लावायचा नाही! म्हणे ब्राउझर जुना! नाचता येईना, अंगण वाकडं! उद्या वेबसाइटच्या उद्घाटनाला कोरा चौकोन दिसला, तर मोराच्या जागी माझा फोटो लागेल."

यामिनीला बसवेना. चहा गार झाला, तरी तिच्या येरझारा संपेनात. मग ती एकदम थबकली. चित्र काढता आलं नाही तर ब्राउझरनं तिथं काय लिहावं, हेही सांगून ठेवता येतं की!

दुसऱ्या दिवशी भरल्या सभेत साहेबांनी आपला संगणक उघडला. कोरा चौकोन नव्हता. तिथं एक ओळ होती. चष्मा चढवून त्यांनी ती मोठ्यानं वाचली, "मोराला नाचता येतं. वाकडं आहे ते अंगणच."

सभेत मोबाइल निघाले. प्रत्येकावर मोर नाचत होता. एक म्हातारा विणकर म्हणाला, "साहेब, एवढ्या अंगणांत तुमचंच तेवढं सारवायचं राहिलंय."

दौलतराव लाल झाले, मग त्यांनाही हसू आवरेना. खुर्ची मागं सारत ते म्हणाले, "ये पोरी, लाव हात. सारव एकदाचं!"